ओसरीवरून दिसलेली घागर

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

तनुजा,

वर काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझी मेल शेजारच्या सुलेखाताईंनी त्यांच्या मोबाइलवर उघडून दाखवली. सात वर्षांनी आली, तीही 'महोदय' म्हणून. तुझ्या पुस्तकाची मराठी आवृत्ती निघते आहे आणि मुखपृष्ठावर माझ्या आजोबांचा, म्हणजे तुझ्या पणजोबांचा, रघुनाथ मास्तरांचा फोटो घ्यायचा आहे. त्यासाठी घरच्या माणसाची सही कागदावर हवी, ती पोस्टानं बडोद्याला पाठवावी, असं तू लिहिलंस. सही केली आहे. सोबत पाठवतो.

तुझं इंग्रजी पुस्तक मी वाचलं आहे. तुला माहीत नसेल. डिक्शनरी घेऊन बसायचो, पाच महिने लागले. इंग्रजांच्या काळात लहान पोरांना चित्रकला कशी शिकवली, यावर एवढं लिहिण्यासारखं असेल असं मला, एकतीस वर्षं ड्रॉइंग मास्तर असूनसुद्धा, वाटलं नव्हतं. विलायतेतून आलेल्या नमुन्यांच्या वह्या, त्यातली कधी न पाहिलेल्या झाडांची पानं, पाटीवर ठिपके मारून ओढायच्या रेघा. तपासनीस दोनच गोष्टी बघायचा, रेघ सरळ आहे का आणि कागद स्वच्छ आहे का, हे तू बरोबर लिहिलंस. मीही तेच बघत आलो.

तिसऱ्या प्रकरणात तू रघुनाथ मास्तरांची हकीकत दिली आहेस. गोदावरीच्या अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजांचा. पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत एक मास्तर अस्पृश्य वस्तीतल्या मुलाला, कडूबाला, ओसरीवर बसवून चित्र शिकवतो. स्वतःची पेन्सिल देतो. त्याचं चित्र स्पर्धेला पाठवतो आणि सरकार ते नाकारतं. ही गोष्ट तू सहा वर्षांची असताना मीच तुला सांगितली होती. तळटीपेत तसं लिहिलंस: 'कौटुंबिक आठवण, वडिलांकडून ऐकलेली.'

पुस्तक चांगलं झालं आहे. आजोबांच्या कागदांच्या जुन्या पेटीचं तर तुला ठाऊकच आहे, वाळवीनं काही ठेवलं नाही. असती तर तुला उपयोग झाला असता.

तब्येत बरी आहे.

बाबा

*

हर्सूल
१९ जानेवारी २०२५

तनुजा,

मागच्या पत्रात सही पाठवतो असं लिहिलं होतं. पाकिटात कागद निघाला नसेल. मी तो घातलाच नव्हता, सहीही केली नव्हती.

आणि पेटीला वाळवी लागली नव्हती.

तुझी आई शेवटच्या आजारात असताना तिनं तुला सांगितलं, की पेटी माळ्यावर आहे, बाबा खोटं बोलतात. तू तिच्या उशाशी होतीस, म्हणून तेव्हा काही बोलली नाहीस. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शिडी लावून वर चढलीस. वर धुळीत पेटीएवढी स्वच्छ चौकट तेवढी होती. खाली उतरून हात झटकलेस आणि म्हणालीस, "बाबा, मी काही चोरायला आले नव्हते." तेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

पेटी मी आदल्या दिवशी शफीकभाईंच्या फ्रेमच्या दुकानात नेऊन ठेवली होती. सात वर्षं त्या माणसानं ती सांभाळली, आत काय म्हणून एकदाही विचारलं नाही. परवा गेलो तेव्हा मात्र म्हणाला, "मास्टरसाब, इसमें क्या है मेरेकू नई मालूम करना. लेकिन अब इसको घर ले जाव. अमानत इतने दिन रखे तो भारी होती." आणि रिक्षात स्वतः आणून ठेवली.

आता सांगतो. एका दमात सांगतो, नाहीतर पुन्हा पोस्टापर्यंत जाऊन परत येईन.

सन १९३४. तपासनिसांनी तालुक्यातल्या शाळांकडून मुलांची चित्रं मागवली होती. ज्याचं चित्र पसंत पडेल त्याला मुंबईला ड्रॉइंग मास्तरचं शिक्षण, राहण्याजेवणासह. विषय वस्तुचित्राचा होता, पाण्याची घागर. रघुनाथ मास्तरांनी वर्गात तिवईवर शाळेची घागर ठेवली. आत बाकांवर अकरा मुलं होती, त्यात त्यांचा मुलगा श्रीपाद, म्हणजे माझे वडील. दाराबाहेर ओसरीवर, एक पायरी खाली, कडूबा. गोष्टीतला एवढा भाग खरा आहे. पेन्सिल दिली होती, तेही खरं आहे.

आजोबांची रोजनिशी मोडीत आहे. तुला मोडी येत नाही हे मला माहीत होतं, तरी मला भीती होतीच. कुणाकडून तरी तू ती वाचून घेतली असतीस. त्या दिवशीचं जसंच्या तसं उतरवतो:

'कडूबाचा कागद श्रीपादचे नांवें पाठविला. श्रीपाद हाताने मंद आहे. त्याचे पुढे कसे होणार.'

दोन महिन्यांनी: 'पसंत झाला. श्रीपादची तयारी केली. कडूबास सांगितले, मुंबईहून नापसंत होऊन आला. काही बोलला नाही.'

त्यानंतर महिन्याभरानं: 'कडूबा नदी उतरून बिडकीनला बहिणीकडे गेला असे कळते.' पुढं त्याचं नाव कुठंच नाही.

वडील मुंबईला गेले. कसेबसे पास झाले आणि पुढं जन्मभर ड्रॉइंग मास्तर राहिले. मीही त्यांच्यामुळं त्याच वाटेला लागलो. वडिलांनी एकही चित्र नजरेनं पाहून काढलेलं मला आठवत नाही. कायम नमुन्याची वही पुढं ठेवून काढायचे. एखाद्या पोरानं मनानं काही काढलं की छडी उचलायचे. मला वाटायचं, ही त्यांची शिस्त. शहाण्णव साली ते गेले, मी पेटी उघडली, तेव्हा समजलं की त्यांना चित्र येतच नव्हतं. चौदाव्या वर्षापासून ते पकडले जाण्याच्या भीतीत होते.

हे समजल्यावरही मी गोष्ट जुनीच सांगत राहिलो. तू तोवर अकरा-बारा वर्षांची झाली होतीस. पणजोबांवर शाळेत निबंध लिहून पहिला नंबर आणला होतास.

चित्राचा कागदही पेटीत आहे. स्पर्धेहून परत आलेला. तुझ्याकडं पाठवायला हवा, पण आधी एक काम करायचं आहे.

बाबा

*

हर्सूल
२ फेब्रुवारी २०२५

तनुजा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून लिहीत नाही.

मी बिडकीनला जाऊन आलो. पैठण रोडची गाडी धरली. जुन्या वस्तीत चार ठिकाणी विचारावं लागलं. कडूबा साळवे एकोणनव्वद साली गेले. त्यांची मुलगी वच्छलाबाई आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नातू प्रणयजवळ राहतात, तो नव्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत कामाला आहे. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर.

मी दारात उभा राहून म्हटलं, "मी रघुनाथ मास्तरांचा नातू."

बाई खाटेवरून उठल्याच. गुडघे धरून उठल्या. "मास्तराचा नातू? आमच्या बाच्या मास्तराचा?" मग आत हाक मारली, "प्रणय, आरं खुर्ची आण. चहा टाक. कोण आलंय बघ!"

त्याच बोलत होत्या.

"बा आमचा लई नाव घ्यायचा त्यांचं. म्हनायचा, त्या काळात कुणी दारात हुबं करीत नव्हतं, पन मास्तरानं मला पेन्सील दिली. माझं चित्र मुंबईला धाडलं. दुसरा कुणी असता तर धाडलं असतं का?"

मी विचारलं, "पुढं त्यांनी चित्रं काढली का?"

"नाय. कधीच नाय. पान्याच्या हिरी खंदायचा बा. रोजगारानं जायचा. येकदा आमच्या थोरल्या भावानं भिताडावर कोळश्यानं बैल काढला. लई झ्याक काढला व्हता, शिंगं असली टोकदार, की बाया बघाया आल्या. बानं वली फडकी घेतली आन् पुसून टाकला. भाऊ रडला. बा म्हनला, रडू नगं, आपल्या हाताला गुन नाय. मला मुंबईनं लिहून दिलंय."

मग हसल्या. "चिडका नव्हता हो. पन पोराच्या हातात खडू दिसला की त्याचं डोकं फिरायचं. भावानं साळाच सोडली मंग. तो बी हिरीवरच गेला. हिरीतच गेला, दरड पडून."

मी चहा प्यायलो. प्रणयनं माझ्या पाया पडायला वाकावं असं बाईंनी त्याला सांगितलं आणि तो वाकला. मी त्याला अडवलं नाही. उठलो, पुन्हा येतो म्हणालो आणि बसस्टँडवर येऊन बाकड्यावर बसलो. दोन गाड्या गेल्या.

तनुजा, मी सांगू शकलो नाही. कागद पिशवीतच होता.

मला तुझ्या पुस्तकातलं ते वाक्य आठवत होतं, 'वसाहतीच्या शिक्षणव्यवस्थेनं कडूबाची रेघ नाकारली.' तुझं चुकलं नाही, तुला मी तेवढंच दिलं होतं. पण त्या तपासनिसानं नाकारली नव्हती. तो कुणी इंग्रज साहेब होता. त्याच्या नमुन्याच्या वह्या, त्याच्या सरळ रेघा, सगळं तू लिहिलंस तसंच असेल. तरी त्या पोराचं चित्र त्यानं शंभरातून उचललं होतं. नाकारलं ते आपल्या घरानं. आणि दोष साहेबावर टाकून आपण तीन पिढ्या मोठे झालो.

बाबा

*

हर्सूल
९ फेब्रुवारी २०२५

तनुजा,

आज रविवार, प्रणयला सुट्टी असणार म्हणून आजच गेलो. सकाळी दहाला पोचलो.

बाईंनी पुन्हा चहाचं काढलं. मी म्हटलं, आधी ऐका, मग काय ते ठरवा. खुर्चीवर न बसता उभ्यानंच सगळं सांगितलं. रोजनिशीतल्या तीनही ओळी वाचून दाखवल्या. आवाज एकदाही अडखळला नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं पाठ होतं म्हणून असेल.

मग कागद काढून खाटेवर ठेवला.

तू तो पाहिलेला नाहीस, म्हणून लिहितो. आतल्या अकरा मुलांनी काढलेल्या घागरी कशा असतील ते आपल्याला चित्र न बघताही कळतं. बाकावरून खाली बघितलं की घागरीच्या तोंडाचा लांबट गोल दिसतो. या चित्रात गोल नाही. तोंडाच्या जागी एक आडवी रेघ आहे. तिवईच्या फळीची खालची बाजू दिसते. तिचे पाय खालून उंबऱ्यानं कापले आहेत. डाव्या अंगाला दाराची चौकट, तिच्यावरची एक खिळ्याची खूण. काढणारा जमिनीवर बसला होता, खोलीच्या बाहेर, पायरीच्या खाली, हे कागदच सांगतो. तुला तर एका नजरेत समजलं असतं. म्हणूनच तर मी पेटी हलवली होती.

मागं नाव खरवडून त्यावर 'श्रीपाद रघुनाथ' लिहिलेलं आहे. उजेडात धरलं की खालचं 'कडू' दिसतं.

वच्छलाबाई कागदावर वाकल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी पास झाला व्हता?"

"हो."

"आमचा बा पास झाला व्हता?"

"हो. पहिला आला होता."

"मुंबईनं नाय म्हनलं नव्हतं?"

"नाही."

कोपऱ्यात इंग्रजी शेरा आहे. बाईंनी प्रणयला जवळ बोलावलं. "काय लिवलंय ते वाच. म्होट्यानं वाच." त्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं, "आज्जी, लिवलंय की, एवढ्या सगळ्यांत ह्या एकट्या मुलानं जे दिसलं तेच काढलं."

बाईंनी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग कागदावर हात ठेवला. चित्रावर नाही, कडेच्या कोऱ्या जागेवर. म्हणाल्या, "त्याला कळलंच नाय. मरूस्तवर कळलं नाय." आणि थोड्या वेळानं, "आन् माझ्या भावाला बी."

मी म्हटलं, मी माफी मागायला आलोय.

त्यांनी वर बघितलं. चिडल्या नव्हत्या. "कुनाला मागता? मी तर चित्र काढलं नाय कधी. ज्यांना मागायची ते दोघं बी मातीत गेले. तुम्हाला शहान्नवला समजलं म्हनता. म्हंजी तीस वर्सं झाली. का आलात आत्ता? तुमचं मन हलकं कराया?"

मी खरं ते सांगितलं. माझ्या मुलीचं पुस्तक मराठीत येतंय, त्यात रघुनाथ मास्तर देवमाणूस आहेत, म्हणून आलो. पुस्तक नसतं तर कदाचित आलो नसतो.

"हां," त्या म्हणाल्या. "हे खरं बोललात."

प्रणय मधेच बोलायला लागला. त्याचा आवाज चढला होता. परवा ह्याच माणसाच्या पाया पडायला लावलंस, म्हणाला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं. मला म्हणाल्या, "तुम्ही जा आता. कागद ऱ्हाऊ द्या. आन् ती मोडीतली वही बी ठिवा, तिच्यात त्याचं नाव हाय."

दोन्ही ठेवून निघालो. तुझ्या कामाचे कागद होते, तुला न विचारता देऊन टाकले. पण विचारायला थांबलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं. बाईंचा पत्ता आणि प्रणयचा नंबर खाली लिहिला आहे.

परवानगीपत्र सही न करता परत पाठवतो आहे. फोटो वापरायचा की नाही ते तू ठरव. त्याच्याखाली काय लिहायचं तेही.

तुझ्या पुस्तकाला माझ्यामुळं बट्टा लागला. ते प्रकरण वाचून लोकांनी तुला पत्रं पाठवली असतील, व्याख्यानांना बोलावलं असेल. आता तुला सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल, की मी लिहिलं ते खोटं होतं, आणि मला माझ्या बापानं फसवलं. तसंच सांग. माझं नाव घेऊन सांग.

बाबा

*

हर्सूल
१६ मार्च २०२५

तनुजा,

हे पत्र लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

बुधवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. प्रणयचा होता, पण बोलल्या वच्छलाबाई. नमस्कार-चमत्कार काही नाही. "तुमची लेक यिऊन गेली. तुम्हाला ठाव असावं म्हनून फोन केला."

मी विचारलं, कधी?

"कालच्याला. सकाळधरनं दिवस मावळस्तवर व्हती."

एवढंच सांगून त्या ठेवतील असं वाटलं, म्हणून मी घाईनं काहीबाही विचारत गेलो. तू कागदाचे फोटो घेतलेस. मोडी वाचणारे एक गृहस्थ पुण्याहून बरोबर आणलेस, त्यांनी अख्खी वही वाचून दाखवली. बाईंच्या भावाबद्दल विचारलंस, त्याचं नाव लिहून घेतलंस. ते मी विचारलं नव्हतं. माझ्या पत्रात तो नुसता 'भाऊ' आहे. तिसरं प्रकरण काढून नव्यानं लिहिते असं तू त्यांना सांगितलंस, आणि छापायच्या आधी प्रणयकडून वाचून घेऊन त्यांनी हो म्हटल्याशिवाय ते जाणार नाही, असंही. मुखपृष्ठावर घागरीचं चित्र घेऊ का म्हणून विचारलंस. त्या म्हणाल्या, "म्या म्हनलं, नाव मागं नाय, म्होरं लिवायचं. कडूबा साळवे. म्होट्या अक्षरात."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का?

"नाय. तिनं काढलं नाय, म्या बी इचारलं नाय."

बिडकीनपासून आपलं घर तासाभरावर आहे. विमानतळ तर हर्सूलपासून अर्ध्या तासावर. सगळं मी मनात मोजून पाहिलं, मग सोडून दिलं. तू जिथं जायला हवं होतं तिथंच गेलीस. मी तुझ्या जागी असतो तर इथं आलो असतो का, याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणून तक्रार करत नाही.

बाई फोन ठेवायला लागल्या तेव्हा मी एकच विचारलं, ती जेवली का?

मला वाटलं, याचं उत्तर देणार नाहीत. मग म्हणाल्या, "जेवली की. न जेवता कशी जाऊ दीन? पिठलं-भाकर केली व्हती. दोन भाकरी खाल्ल्या. वर कांदा मागून घेतला, तोबी बुक्कीनं फोडून."

मी पुन्हा विचारलं, दोन?

"दोन," त्या म्हणाल्या. "आन् खाताना रडत व्हती. पन खाल्ल्या."

बाबा